गिऱ्हाइकासाठी शांत खोली

खोली शांत करायची, एवढंच काम होतं. भिंत पाडायची नव्हती, मजला चढवायचा नव्हता. घरातली एक खोली, तिच्यात बाहेरचा आवाज येऊ द्यायचा नाही, बस्स. कॉम्प्युटरवाल्यांनी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आणि आप्पांचं काय करणार?" इतक्या सोप्या कामात पहिल्याच मिनिटाला शंका काढणाऱ्या माणसांमुळेच देश मागे राहतो, असं त्यांना त्या वेळी वाटलं. नंतर बरंच वेगळं वाटलं, पण ते नंतर.

कॉम्प्युटरवाले हे नाव त्यांना सोसायटीनं दिलं होतं आणि त्यात मानापेक्षा लोकांची सोय जास्त होती. कुणाचा प्रिंटर अडकला, कुणाच्या फोनवर चहा सांडला, की मंडळी यांच्या दारात. वास्तविक त्यांचं काम फार निराळं होतं. समुद्रापलीकडच्या एका श्रीमंत देशात फर्निचरच्या दुकानांची मोठी कंपनी होती. तिथल्या एखाद्या दुकानात सोफा विकताना बिल निघेना, की काउंटरवरची मुलगी फोन लावायची आणि तो इकडे यांच्या कानात वाजायचा. मग हे इथे बसून तिच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचे, अडलेलं बिल सोडवायचे, आणि तिकडे सोफा गाडीत चढायचा. हाताखाली सात-आठ जणांची टीम होती. कंपनीनं भाडं वाचवायला ऑफिस सोडून दिलं होतं, त्यामुळे सगळे आपापल्या घरून काम करत. इतकी वर्षं समजावूनही सोसायटीचा समज असा की हे फोनवरून सोफे विकतात. सेक्रेटरींनी तर एकदा जुना सोफा बदलून मिळेल का, अशी खाजगीत चौकशीही केली होती.

आता त्या कामाचा करार संपत आला होता आणि गिऱ्हाईक बाजारात हिंडायला लागलं होतं. मंडईत शेजारी शेजारी बसलेल्या भाजीवाल्यांसारखे तीन देश त्याच्या पिशवीकडे बघत होते. तिघेही पैशानं सारखेच बेताचे. एक बेटांचा देश, तिथली माणसं म्हणे फोनवर ऐकू येईल असं हसतात. दुसऱ्याचं घड्याळ गिऱ्हाइकाच्या घड्याळाशी जुळतं, म्हणजे तिथल्या माणसाला फोन घ्यायला जेवणावरून उठावं लागत नाही. आपल्याकडे काय होतं? आपण स्वस्त होतो आणि कशालाही नाही म्हणत नव्हतो. पण या दोन्ही विद्या एव्हाना ते दोघेही शिकले होते.

अशा वेळी साहेबांचा फोन आला. साहेब वयानं यांच्या निम्मे. ते यांना 'सर' म्हणत आणि मग हुकूम सोडत. "सर, त्यांनी तुमच्या घराबद्दल विचारलंय," साहेब म्हणाले. एका कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये मागून कुणीतरी 'गॅस आला' असं खड्या आवाजात जाहीर करताना ऐकू येत होतं. भाषा त्यांना कळली नव्हती, पण तुमच्या घरात घोषणा कोण करतं, असं तिकडून विचारलं गेलं होतं.

"नुसतं विचारलंय की तक्रार आहे?" यांनी विचारलं.

"सर, गिऱ्हाईक नुसतं कधी विचारतं का?"

गिऱ्हाइकाचा प्रश्न म्हणजे तक्रार समजायची आणि उत्तर द्यायच्या आधी माफी मागायची, हा धडा नव्या भरतीला हेच देत आले होते. पुढच्या आठवड्यात तिकडच्या एक बाई तिन्ही देशांना फोन लावणार होत्या. प्रत्येकाशी तासभर बोलायचं, एक मुद्दाम बिघडवलेलं बिल सोडवून घ्यायचं आणि मग काम कुणाला द्यायचं ते ठरवायचं. आपल्या देशाच्या वतीनं हे बसणार होते. काम गेलं तर टीम रस्त्यावर. आणि त्यांच्या वयाच्या माणसाला बाजारात कुणी उचलत नाही, हे त्यांना न सांगता ठाऊक होतं.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांचे वडील. त्यांनी उभी नोकरी कोर्टात पट्टेवाला म्हणून केली, आणि त्यातही त्यांच्याकडे पुकाऱ्याचं काम. जज्जसाहेब खुर्चीत बसले तरी आप्पांनी दारात येऊन नाव पुकारल्याशिवाय खटला उभा राहत नसे. आवार मोठं. लोक झाडाखाली, चहाच्या टपरीवर, कुठंकुठं पांगलेले. आपलं नाव ऐकू न आल्यामुळे कुणाचा खटला जाऊ नये म्हणून आप्पा पार कुंपणापर्यंत पोचेल असा आवाज लावत. मग ते निवृत्त झाले. आवाज झाला नाही. वयामुळे कान जरा कमी झाले होते, त्यामुळे आपला आवाज केवढा लागतो याचा त्यांना अंदाजही राहिला नव्हता. दूध आलं, पाणी गेलं, सूनबाई बाहेर निघाल्या, जावईबापूंचा फोन आहे, हे सगळं घराबरोबर अख्ख्या इमारतीला कळे. लोक त्यावर हसत आणि त्यावरच बादल्या भरून ठेवत.

कामाला सुरुवात परवानगीपासून झाली. सेक्रेटरींच्या मते खिडकीला हात लावायचा तर अर्ज हवा, आणि अर्जावर कारण हवं. यांनी 'शांतता' असं कारण लिहिलं. नियमावलीत गळती होती, वाळवी होती, शांतता नव्हती. शेवटी सेक्रेटरींनी ती 'इतर किरकोळ दुरुस्ती' या सदरात बसवली आणि दुपारी लोक पडलेले असताना ठोकाठोक चालणार नाही असं बजावलं. जाता जाता सल्लाही दिला. त्यांचा पुतण्या ड्रम वाजवत असे आणि त्यानं खोलीला अंड्यांचे ट्रे लावून घेतले होते. त्यानं आवाज मरतो, असं सेक्रेटरी म्हणाले. पुतण्याच्या शेजाऱ्यांनी घर विकलं होतं, हे मात्र त्यांनी पुढं बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

कॉम्प्युटरवाले दुकानोदुकानी फिरून अंड्यांचे रिकामे ट्रे मागू लागले. परदेशातली बिलं सोडवणारा माणूस, आणि वाणी विचारतो, कोंबड्या किती ठेवल्यात. तोही अपमान गिळला. ट्रे भिंतीवर चिकटवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागून मुंग्यांची रांग लागली. मग ट्रे काढून गादीवाल्याला बोलावलं. भिंतीला गाद्या लावायच्या आहेत हे त्याला काही केल्या पटेना. उभ्यानं कोण झोपणार आहे, असं त्यानं काळजीनं विचारलं, आणि घरात कुणी आजारी आहे का तेही बायकोकडून हळूच काढून घ्यायचा प्रयत्न केला. तरी गाद्या लागल्या. दाराला तर दुहेरी लागली.

सुतारानं खिडकीला दुसरी काच बसवायचं कबूल केलं, त्यासाठी पहिली खिडकी चौकटीसकट उतरवली, आणि मग तो दुसऱ्या कामावर निघून गेला. तो परत येईपर्यंत खिडकीच्या जागी नुसतं भोक होतं. रस्त्यावरचे हॉर्न तर आत येतच होते, आता कबुतरंही यायला लागली. एक जोडपं फायलींच्या कपाटावर संसार मांडायच्या बेतात होतं, त्यांना हाकलता हाकलता यांच्या नाकी नऊ आले. सुतार उगवला तो नेमका दुपारी, आणि हातोडा पडल्याबरोबर सेक्रेटरींची नोटीस आली: आपल्या घरातून शांततेचा भंग होत आहे. ती नोटीस यांनी वाचली, खाली ठेवली आणि बराच वेळ भिंतीवरच्या गादीकडे बघत राहिले.

पण खोली झाली. परीक्षा घ्यायची म्हणून हे आत बसले आणि बाहेर बायकोनं मिक्सर लावला, टीव्ही मोठा केला, कुकरच्या शिट्ट्या काढल्या. आत चिडीचूप. जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दुहेरी गादीच्या दारातून, जणू ते दार नव्हतंच, असे आप्पांचे शब्द आले: "काय चाललंय याचं आत?" बायकोनं नंतर सांगितलं की आप्पा स्वयंपाकघरात होते आणि त्यांच्या मते हळूच बोलले होते.

आप्पांना सांगून पाहिलं. त्यांनी मनापासून ऐकलं, मान डोलावली, आणि दिवसभर कुजबुजण्याचा प्रयत्न केला. ती कुजबुज खाली वॉचमनला ऐकू जात होती. सायंकाळी बिचारे दमले. तेव्हा सेक्रेटरींनी शेवटचा सल्ला दिला. तो ऐकला नसता तर बरं झालं असतं, पण माणूस नेमके असलेच सल्ले ऐकतो. चार दिवस आप्पांना मुलीकडे पाठवा, ते म्हणाले.

धाकटी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. 'तुमचा आवाज नको म्हणून जा' हे तोंडानं कसं सांगणार? यांनी थाप मारली. धाकटीकडे नळाचं काम निघालंय, जावई फिरतीवर आहेत, तिथं कुणीतरी मोठं माणूस हवं. आप्पांचा चेहरा एकदम उजळला. "बरोबर आहे, नळवाल्याशी आवाज चढवल्याशिवाय काम होत नाही," ते म्हणाले, आणि कुणी मदत करायच्या आत स्वतःची पिशवी भरून दारात उभे राहिले. कितीतरी दिवसांत कुणाला त्यांची इतकी गरज पडली नव्हती. ते रिक्षात बसले तेव्हा खरं काय ते सांगून टाकावं असं कॉम्प्युटरवाल्यांना वाटलं. पण सुतार बिल घेऊन उभा होता, आणि त्या गडबडीत बहिणीला आधी फोन करून ठेवायचं राहून गेलं.

तासाभरानं तिचाच फोन आला. "दादा, तू आप्पांना काय सांगून पाठवलंस? ते आल्या आल्या विचारतायत नळ कुठाय."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं कसला नळ. मग हसत हसत म्हटलं, दादाच्या परदेशातल्या बाई आवाज ऐकणारेत ना, म्हणून पाठवलं असेल तुम्हाला. मला काय माहीत तू सांगितलं नाहीस ते."

"काय म्हणाले आप्पा?"

"काही नाही. पाणी मागितलं. केव्हाचे गॅलरीत बसलेत."

त्याच क्षणी रिक्षा करून जायला हवं होतं. हे त्यांना तेव्हाही कळत होतं. पण परीक्षा तोंडावर आली होती, टीममधली मुलं फोन करून 'सर, सगळं नीट होईल ना' असं विचारत होती. एकदा काम पदरात पडलं की पेढे घेऊनच जाऊ आणि माफी मागू, असं त्यांनी ठरवलं. माफीसुद्धा चांगल्या मुहूर्तावर मागावी असं वाटणारा माणूस होता तो.

परीक्षेच्या संध्याकाळी कॉम्प्युटरवाले इस्त्रीचा शर्ट घालून खोलीत शिरले आणि बायकोनं बाहेरून दार दाबून लावलं. पंखा घरघरतो म्हणून बंद. दुहेरी काचेतून वाऱ्याची झुळूकही येत नव्हती. गाद्यांनी वेढलेल्या त्या खोलीत बसून ते उकडलेल्या बटाट्यासारखे झाले. फोन वाजला. बाई सभ्य होत्या. त्यांनी बिघडवलेलं बिल पुढं टाकलं आणि यांनी इतक्या सफाईनं सोडवलं की आयुष्यात तसं कधी जमलं नव्हतं. फक्त एक गोष्ट विचित्र होत होती. हे विचार करायला जरा थांबले, की बाई घाबऱ्या आवाजात विचारत, "तुम्ही आहात ना?" एकदा तर लाइन तुटली असं समजून त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा लावला. मग जरा घुटमळत त्यांनी विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना? प्रश्न आला म्हणजे तक्रार आली. यांनी तत्परतेनं उत्तर दिलं की घरी अगदी शांतता आहे, आता कसलाही त्रास होणार नाही, आणि पूर्वी झालेल्या त्रासाबद्दल क्षमा असावी. बाईंनी फार हळुवारपणे त्यांचे आभार मानले, आणि तास पुरा व्हायच्या आतच निरोप घेतला.

लवकर सोडलं म्हणजे पास, असा अर्थ काढून हे उठले, तर दार उघडेना. दमट उकाड्यानं लाकूड फुगलं होतं आणि गादी चौकटीत घट्ट बसली होती. यांनी हाका मारल्या, दार बडवलं. खोली इतकी उत्तम झाली होती की बाहेर काही ऐकूच येत नव्हतं. अखेर आतून बायकोला फोन केला. ती, सेक्रेटरी आणि वॉचमन असे तिघे दाराला लागले. सुतार कोपऱ्यावरच्या टपरीवर बसलेला बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून दिसत होता, पण त्याचा फोन बंद. सेक्रेटरींनी खिडकीत उभं राहून त्याला बोलवायचा प्रयत्न केला, त्यांना ठसका लागला. "आप्पा असते तर एका हाकेत आणला असता," ते सहज म्हणाले. आत घामानं निथळत उभ्या असलेल्या माणसाला सुदैवानं हे ऐकू गेलं नाही. पण वॉचमननं पळत जाऊन सुतार आणला आणि दार उघडलं, त्या रात्री बायकोनं सांगितलंच.

निकाल सांगायला साहेबांचा फोन आला. काम बेटांच्या देशाला गेलं होतं. साहेबांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, आणि ते कुठून सुरुवात करावी या विचारात पडल्यासारखे वाटत होते.

"सर, आधी एक विचारू का? तुमचे वडील..."

"आहेत की. बहिणीकडे गेलेत. का?"

साहेबांनी हळूहळू सगळं सांगितलं. तिघांचं काम सारखं, तिघांचा भाव सारखा, मग तासभर कुणाशी बोलावंसं वाटलं यावर ठरलं. बेटांवरच्या माणसाकडे मागं पोर रडत होतं आणि सासूबाई काहीतरी विचारत होत्या, बाईंना हसू आलं, गप्पा झाल्या. आणि आपल्याकडे? तिकडच्या दुकानांतल्या मुलींना म्हणे ते मागून येणारे आजोबा ठाऊक होते. बिल अडलं की त्या आपसात म्हणायच्या, बघू आज आजोबा काय जाहीर करतात. म्हणून तर त्यांनी मागं विचारलं होतं, हौसेनं. आणि परवा बाईंनी फोन लावला तर त्या घरात एवढी मरणाची शांतता. घरचे बरे आहेत ना विचारलं, तर हे म्हणाले, आता त्रास होणार नाही.

"सर, त्यांना वाटलं आजोबा गेले. दुःखाच्या घरात कामाचं किती बोलायचं, म्हणून बाईंनी लवकर आवरलं. त्यांनी सांत्वन कळवलंय."

कॉम्प्युटरवाल्यांनी फोन ठेवला. टीमला कसं सांगायचं हा विचार मनात यायला हवा होता आणि तो आलाही, पण दुसरा. पहिला विचार आला तो रिक्षाचा. ते तसेच बहिणीकडे गेले, पेढ्यांशिवाय.

आप्पांनी भांडायला हवं होतं. चार माणसांत पाणउतारा केला असता तरी चाललं असतं. ते पिशवी घेऊन मुकाट्यानं निघाले. घरी आल्या आल्या यांनी गाद्या उतरवायला घेतल्या. आप्पांनी एक टोक धरलं आणि मदत केली, आणि काही हवं असलं की जवळ येऊन, ओठांच्या ओठांत बोलू लागले. कान कमी असलेल्या माणसाला इतकं हळू बोलता येतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. बहिणीकडे गॅलरीत बसून त्यांनी तेवढाच सराव केला असावा. दोन दिवसांनी पाणी गेलं आणि इमारतीत निम्मी माणसं अंगाला साबण लावून उभी राहिली. सेक्रेटरी तणतणत वर आले. आप्पा बोलत का नाहीत, त्यांना बरं नाहीये का, असं विचारू लागले. आप्पा खुर्चीतून उठले आणि नम्रपणे त्यांच्या कानात म्हणाले की यापुढं नोटीस लावत चला.

टीम मोडल्याचं घरात कुणी काढलं नव्हतं. पण दिवसभर मुलगा घरात रिकामा बसलेला बापाला दिसतोच. एका संध्याकाळी आप्पा यांच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी इतक्या हळू विचारलं की यांना वाकावं लागलं.

"माझ्यामुळे गेलं का रे ते काम?"

"नाही आप्पा." कॉम्प्युटरवाल्यांनी आप्पांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "तुम्ही होतात म्हणून नाही गेलं, तुम्ही नव्हतात म्हणून गेलं. तिकडच्या मुलींना तुमचा आवाज आवडायचा. तो ऐकायला त्या थांबायच्या. मी चुकलो, आप्पा."

आप्पांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते हसले. लहान मुलानं मोठ्या माणसाची समजूत काढायला काहीबाही सांगावं, तेव्हा मोठी माणसं हसतात तसं.

"असू दे रे," ते म्हणाले. "माझ्यासाठी कशाला गोष्टी रचतोस. तुला किती दिवस त्रास झाला असेल. मला आधीच कळायला हवं होतं."

"खरं सांगतोय आप्पा मी."

"बरं," आप्पा म्हणाले. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, उठले, आणि कडीचाही आवाज होऊ न देता आपल्या खोलीचं दार लोटून घेतलं. आत ते स्वतःशीच काहीतरी बोलत होते. कॉम्प्युटरवाले दारापाशी गेले, दाराला कान लावून उभे राहिले, पण एकही शब्द ऐकू आला नाही.